सविता बेळगावचीच होती

मा. संपादक,

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीत गर्भपाताचा कायदाच रद्द करा, अशा अर्जावर सह्या घेतल्या. मी केली नाही. परिचारिका म्हणून नोकरी झाली, बरीच वर्षं प्रसूती विभागात. म्हणून चार शब्द लिहिते.

सविता हलप्पनवार आपल्या बेळगावात वाढलेली, दातांची डॉक्टर. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवे शहरात ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा १७ आठवड्यांची गरोदर होती. गर्भ वाचणार नाही हे ठरलेलंच होतं. गर्भपात करा म्हणून तिने विनवलं; पण गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर करता येत नाही, असं उत्तर मिळालं. जंतुदोष रक्तात भिनला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. हा कॅथलिक देश आहे, असं तिथल्या एका परिचारिकेने तिला म्हटलं होतं, ते पुढे चौकशीत निघालं. आमच्याच पेशातली बाई, आपल्याच ख्रिस्ती धर्माचं नाव! त्याच आयर्लंडने २५ मे २०१८ ला मतदान करून संविधानातली ती बंदी उठवली. ६६ टक्क्यांहून जास्त मतं बदलाच्या बाजूने पडली.

आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे, नवऱ्याची सही लागत नाही, नावही गुप्त ठेवायचं. तरी ‘नवऱ्याला घेऊन ये’ म्हणून बाया परत पाठवलेल्या मी पाहिल्यात. त्यातली एक आठवड्याने पुन्हा आली ती तापाने फणफणलेली, कुणाकडून तरी गर्भ पाडून घेतलेली. कशीबशी वाचली. कायदा रद्द झाला तर गर्भपात थांबणार नाहीत, अशा बाया वाढतील.

जीव देवाने दिलाय, हे मीही मानते. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं पापच, आणि लिंगतपासणी गुन्हाच आहे. पण आईचा जीवही देवानेच दिलाय ना? बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून येऊन शिवली, तेव्हा प्रभूने तिला कुणाची सही विचारली नाही. मुली म्हणून हाक मारली, बरी करून शांतीने पाठवली.

पाळकसाहेबांना आणि भगिनी मंडळाला हात जोडून विनंती, सह्या थांबवा. त्याऐवजी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलवा. कुटुंबनियोजन, सुरक्षित उपचार, कायदा, सगळं आपल्या लेकीसुनांना नीट समजू द्या. अडचणीतली मुलगी आधी आपल्याकडे यावी, इतका भरवसा तिला वाटला पाहिजे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, कॅम्प, बेळगाव