धीराचे कौतुक पुरे

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर शहापूर लागते. तेथून नागपूरची कर्करोगाची रुग्णालये पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहेत. नकाशावर हे अंतर क्षुल्लक वाटते. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या स्त्रीला आठवड्यातून पाच दिवस, असे साधारण पाच आठवडे जावे लागते. रोज गावी परतायचे ठरवले तर तिचा प्रवास अडीच हजार किलोमीटरांहून अधिक होतो, आणि तोही मळमळ, जुलाब व थकवा अंगावर घेऊन. सोबतीला जाणाऱ्याची मजुरी तितकेच दिवस बुडते.

अशी स्त्री हे सारे निभावते तेव्हा आपण म्हणतो, ‘बाई धीराची!’ अभ्यासकही तिच्या धीराच्या वाटा नोंदवतात: देवावरचा भरवसा, शेजारणीचा आधार, बचतगटाचे कर्ज, दुखणे मुलांपासून लपवणे. या वाटा खऱ्या आहेत व त्यांची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु समाजाने आणि शासनाने जे करावयास हवे होते ते न केल्यामुळे तिला एकटीला जे करावे लागते, त्यालाच पुष्कळदा आपण धीर हे नाव देतो. हे कौतुक मग सोयीचे ठरते, कारण त्याला पैसा लागत नाही.

रुग्णाचे जीवनमान मोजण्याच्या प्रश्नावल्या आहेत. भंडारा जिल्ह्यातील कष्टकरी स्त्रीचे माप मात्र साधे आहे: हात चालतो की नाही? स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या की अनेकींचा हात सुजतो. मग चिखलात वाकून रोवणी करणे अवघड होते. काही औषधांनी बोटे बधिर होतात. बधिर बोटांनी विडी वळता येत नाही. रोग बरा झाला असे कागदावर लिहिले जाते आणि रोजगार मात्र गेलेला असतो. या नुकसानीची भरपाई कोणत्या योजनेत आहे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार विनामूल्य मिळतात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण अर्ध्या तिकिटाने बुडालेली मजुरी भरून निघत नाही. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्यांनी उपकरातून कल्याण निधी उभारला होता. कर्करोगाच्या उपचारखर्चाची तरतूदही त्यात होती. २०१७ साली वस्तू व सेवा कर येताच तो उपकर रद्द झाला. कामगाराच्या हक्काचा स्वतंत्र झरा आटला आणि कल्याण अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आले.

उपाय ठाऊक नाहीत, असे म्हणता येणार नाही. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले: ज्या गटाला एकदाच विषाणू-चाचणी देण्यात आली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. ही घट मोजली गेली ती ज्यांना तपासणी दिलीच नव्हती, अशा गावांतील स्त्रियांशी तुलना करून. त्या स्त्रियांचे ऋण महाराष्ट्रावर आहे. गावोगावच्या उपकेंद्रात ही तपासणी नेणे, एवढीच त्याची फेड असू शकते.

आणि ज्यांना रोग उशिरा कळला त्यांचे काय? १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने मॉर्फिन रुग्णांपासून दूर गेले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पण कायद्यातली सवलत आपल्या पायांनी खेड्यात चालत जात नाही. केरळने २००८ साली वेदनाशमनाचे धोरण स्वीकारले आणि गावातील स्वयंसेवक, पंचायत व परिचारिका यांना त्या कामात जोडले. केरळ आपल्याहून श्रीमंत होते म्हणून हे झाले नाही. लोक संघटित होते म्हणून झाले.

कार्यकर्त्यांनी म्हणून चार मागण्या घेऊन ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत जावे: उपकेंद्रात स्त्रियांची नियमित तपासणी, उपचारकाळात रुग्ण व सोबती यांना बुडीत मजुरी आणि नागपुरात निवारा, जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन व वेदनाशमनाचा कक्ष, विडी कामगारांच्या निधीला कायद्याचा स्थायी आधार. मोर्चा निघेपर्यंत एक काम तर आजच करता येईल. आपल्या गावात कोण किरणोपचाराला जाते आहे याची चौकशी करावी, आणि सोबतीला जाण्याची पाळी वाटून घ्यावी. पंचवीस फेऱ्या एका घराला जड आहेत. पंचवीस घरांना त्या एकेकच येतात.