नेम धरायचा, नेम पाळायचा

मराठीत 'नेम' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. नेम धरणे म्हणजे निशाणा साधणे आणि नेम पाळणे म्हणजे ठरवलेली गोष्ट रोज न चुकता करणे. 'शिस्त' शब्दाचेही तसेच. आज आपण वर्गातली शिस्त म्हणतो, पण जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरत आणि उर्दूत आजही शस्त बांधतात. भाषेने हे दोन्ही अर्थ एकत्र का ठेवले, ते रायफलच्या रेंजवर तासभर उभे राहिले की समजते.

पॅरिस ऑलिम्पिकनंतर आपल्याकडच्या बऱ्याच मुलामुलींना या खेळाची ओढ लागली आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. तेव्हा वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच, स्वतः रेल्वेत नोकरीला. त्याच्याही आधी अंजली भागवत, सुमा शिरूर आणि 2010 साली म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत यांनी महाराष्ट्रातल्या मुलींना ही वाट दाखवली. घरात मूल म्हणाले, "अब्बू, मला रायफल शिकायची आहे," तर काय सांगावे आणि काय पाहावे, यासाठी हे चार शब्द.

सुरुवात 10 मीटर एअर रायफलने होते. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि कागदावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. मधल्या ठिपक्यापासून अडीच मिलिमीटर सरकले की एक गुण गेला. रायफलच्या दोन साईटमध्ये पाऊण मीटर अंतर असेल, तर पुढची साईट पाव मिलिमीटर हलल्याने लक्ष्यावर तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. एवढे बारीक काम हाताच्या ताकदीने होत नाही. म्हणूनच सडपातळ मुलगीही यात पुढे जाऊ शकते.

अचूकपणा आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी समजून घ्यावे. दहा छर्रे मारले आणि दहाही मध्यापासून दूर, पण एकाच जागी लागले, तर नेमबाजाचे काम चांगले झाले. याला ग्रुपिंग म्हणतात. साईटचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरवला की तोच ग्रुप मध्यावर येतो. उलट छर्रे चारी बाजूंना विखुरले आणि त्यातला एखादा दहावर लागला, तर तो नशिबाचा दहा. विखुरलेल्या छर्ऱ्यांना कोणताही स्क्रू दुरुस्त करू शकत नाही. आधी ग्रुप, मग मध्य.

आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी सरावात चांगले गुण मिळवायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र खूप खाली आली. वडील शिलाईकाम करतात. रेंजची फी, जाण्यायेण्याचा खर्च, त्यात दहावी तोंडावर. घरात ठरले की आता बंद. अम्मी मला म्हणाल्या, "मॅडम, तिच्या नशिबात नाही ते. उगाच आशा कशाला?" मी मुलीला स्पर्धेचे कागद आणायला सांगितले. एका कागदावर दहा काळी वर्तुळे होती, प्रत्येकात एक भोक आणि जवळपास प्रत्येक भोक खाली डावीकडे. कागद अम्मींसमोर ठेवला आणि म्हटले, "बघा, हात हलणाऱ्या मुलीची भोके अशी एका बाजूला येत नाहीत." त्या हॉलमधला उजेड वेगळा होता, ग्रुप सरकला होता, आणि सुरुवातीच्या सरावाच्या छर्ऱ्यांत साईट फिरवायला ती घाबरली होती. अब्बूंना ही गोष्ट लगेच पटली. कापताना अर्धा इंच सरकलेली प्रत्येक बाही त्यांना ठाऊक आहे. ती चूक मापाची असते, कारागिराच्या हाताची नव्हे. सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आला, पण सुटला नाही.

आता सातत्य येते कसे, ते पाहू. पहिली गोष्ट उभे राहणे. रायफलचे वजन स्नायूंवर नको, हाडांवर हवे. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवावे. पवित्रा घेऊन डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. साईट लक्ष्याच्या डावीकडे गेली असेल तर हाताने ओढू नये, पाय किंचित सरकवावेत. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर दाबताच परत आपल्या जागी जाते.

दुसरी गोष्ट श्वास. अर्धा श्वास सोडून जो नैसर्गिक थांबा येतो, त्यात छर्रा सोडावा. आठ-दहा सेकंदांत जमले नाही तर रायफल खाली घ्यावी. खाली घेणे म्हणजे हरणे नव्हे. 60 छर्ऱ्यांसाठी सव्वा तास मिळतो, त्यात सब्र करायला भरपूर जागा आहे.

तिसरी गोष्ट बोट. ट्रिगर सरळ मागे, हळूहळू दाबावा. 'आता दहा दिसतोय' म्हणून झटका दिला की छर्रा बाहेर. सुटल्यानंतरही एक-दोन सेकंद तसेच उभे राहावे आणि छर्रा कुठे गेला असेल ते कागद न बघता मनाशी सांगावे. अंदाज आणि भोक जुळू लागले की समजा, मूल स्वतःला ओळखू लागले.

बराचसा सराव छर्रा न घालताही होतो. कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर पवित्रा, श्वास, ट्रिगर, एवढेच. मात्र स्प्रिंगच्या रायफलला रिकामा ट्रिगर सोसत नाही, ती बिघडते. म्हणून हे प्रशिक्षकाला विचारूनच करावे. रोज एका वहीत तारीख, उजेड, साईटचे क्लिक आणि ग्रुप कुठे आला ते लिहावे. सुरुवातीलाच महागडी रायफल आणि जाड जॅकेट घेण्याची घाई नको. क्लबच्या रायफलवर वर्षभर वही भरली, तर पुढचे पाहता येईल.

सुरक्षेत सूट नाही. नळी नेहमी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर, आणि छर्रे शिशाचे असल्यामुळे सराव संपताच साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

शेवटी मनाचे. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीपर्यंत तीन गुणांनी पुढे होता. शेवटची गोळी त्याने शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर मारली. शून्य मिळाले आणि तो आठवा आला. म्हणून प्रत्येक छर्ऱ्याआधी तेच तीन-चार टप्पे त्याच क्रमाने करायचे, पहिल्याला आणि साठाव्यालाही, आणि त्यात लक्ष्याचा नंबर बघणे हाही एक टप्पा. पॅरिसच्या अंतिम फेरीत कुसाळे पहिल्या दोन पवित्र्यांनंतर पहिल्या तिघांत नव्हता. उभ्याच्या फेरीत तो वर आला. मधला गुणफलक हा निकाल नसतो.

मूल रेंजवरून घरी आले की आपण विचारतो, "किती गुण पडले?" त्याऐवजी विचारा, "आज ग्रुप कुठे आला? वही लिहिलीस का?" गणिताच्या पेपरलाही हाच प्रश्न चालतो. चुका एकाच जागी होत असतील तर दोन क्लिकचे काम आहे. विखुरलेल्या असतील तर बसण्यापासून, झोपेच्या वेळेपासून सुरुवात करावी लागेल. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात, फक्त रागावण्याआधी कागद नीट बघायला हवा.