सायकलीची पारख

आमच्या परिचयाचे पुण्यांतील एक गृहस्थ ४० वर्षें सायकल वापरीत आले आहेत. सायकलीच्या सुट्या भागांची माहिती देण्यासाठीं ते आतां यूट्यूबवर स्वतःची चित्रवाहिनी सुरू करीत आहेत, हें ऐकून आम्हांस समाधान वाटलें.

दुकानदार माल विकतो. मालाची पारख अनुभवी माणसानेंच शिकवावी. चेनचें उदाहरण घ्या. नव्या चेनच्या एका पिनेच्या मध्यावर फुटपट्टीचें शून्य ठेवलें, कीं बरोबर १२ इंचांवर दुसरी पिन येते. झिजेनें हें अंतर वाढतें. पिन १/१६ इंच पुढें गेलेली दिसतांच चेन बदलावी. १/८ इंचापर्यंत थांबल्यास फ्रीव्हीलचे दांतेही बहुधा झिजलेले असतात, आणि थोडक्यांत भागणारें काम महागांत पडतें.

कांहीं गोष्टी तर पाहूनच समजतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हें ठाऊक नसल्यानें सैल करावयाचें पायडल जोर लावून अधिकच आवळणारे पुष्कळ भेटतात. पाना कोणत्या बाजूस फिरला, हें चित्रांत एकदां पाहिलें कीं पुरे.

या गृहस्थांस आमची एकच सूचना आहे. कारखानदारानें एखादा भाग फुकट धाडला असल्यास तसें प्रारंभींच सांगावें; अन्यथा पारख आणि जाहिरात यांत भेद उरणार नाहीं. वाचकांनींही येत्या रविवारीं मुलामुलींच्या हातीं फुटपट्टी देऊन घरची चेन मोजून पाहावी.