यावलच्या शाळेची पारख

जून महिना अर्ध्यावर येऊं लागला म्हणजे यावलच्या पेठेंत दोन विषय हटकून निघतात: पाऊस केव्हां येणार, आणि मुलास कोणत्या शाळेंत घालावें. पहिल्याविषयीं कोणी पैजेवर बोलत नाहीं. दुसऱ्याविषयीं मात्र प्रत्येक गृहस्थाचें मत ठाम असतें. नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचें नांव निघालें कीं तो मान हलवून म्हणतो, 'तेथें आतां कांहीं राम राहिला नाहीं.' आपण त्या शाळेंत शेवटचें पाऊल केव्हां ठेविलें, असें त्यास विचारावें, तर बहुधा उत्तर येतें कीं, स्वतः शिकत असतां! केळीचा घड डोळ्यांनीं पाहिल्यावांचून जो व्यापारी भाव बोलत नाहीं, तोच आपल्या गांवच्या शाळेचा भाव ऐकीव गोष्टीवर ठरवितो, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. ह्या शाळा उत्तम आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं चांगल्या असतील, कांहीं वाईट असतील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, चांगली कोणती व वाईट कोणती हें ठरविण्याचें खरें माप आपण अजून हातीं घेतलेलें नाहीं. आणि खोट्या मापानें केलेल्या पारखेचा दंड गरिबांचीं मुलें भरीत आहेत.

हा दंड कसा पडतो तें पाहा. सरकारी शाळेंत शिक्षक किती असावेत हें पटावरून ठरतें. सप्टेंबर 2023 मध्यें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याची योजना सरकारनें पुढें मांडली. नंतर 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानें संचमान्यतेचे निकष बदलले, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत पट वीसच्या खालीं गेला तर तेथें शिक्षक उरणार कीं नाहीं, असा वाद राज्यभर उभा राहिला. तेव्हां गांवांतील मत ही आतां नुसती गप्प राहिलेली नाहीं. त्यावर शिक्षकाची जागा अवलंबून आहे. पेढीची पत जाते तशीच शाळेची पत जाते. पेढी बुडणार अशी हूल उठते, ठेवीदार धांवतात, आणि धडधाकट पेढीही बुडते. शाळेविषयीं कोणी कांहीं बोलतो, चार सुखवस्तु पालक आपलीं मुलें काढून घेतात, पट घटतो, शिक्षक जातो, आणि मग ती हूल खरी ठरते. फरक इतकाच कीं, पेढींतून पैसे काढणारा आपले काढून नेतो. शाळेंतून मुलें काढणारा मागें राहिलेल्या मुलांचेंही कांहीं घेऊन जातो.

आणि हे सहावी ते आठवीचे वर्ग म्हणजे सामान्य टप्पा नव्हे. जुन्या पिढींत 'मराठी सातवी' झालेला मनुष्य शिक्षक किंवा तलाठी होत असे, व गांवांत त्याचा शब्द चाले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 सालीं झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. त्याची हमी आठवीपाशीं संपते. म्हणजे सरकारनें मुलास जें देणें आहे, त्याचा शेवटचा हप्ता येथें फिटतो. येथून जें मूल वाचतां न येतां बाहेर पडलें, त्याचें देणें पुढें कायद्यानें कोणीही फेडणार नाहीं.

मग पारख कशानें करावी? सध्यां तीन मापें चालतात. पहिलें इमारतीचें. भिंती रंगविलेल्या, फाटकावर कमान, भिंतीवर पडदा लावलेला, कीं शाळा चांगली! दुसरें शिष्यवृत्तिधारकांच्या यादीचें. पांच मुलें यादींत आलीं कीं फलक लागतो. उरलेल्या पंचावन्नांचें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. तिसरें फीचें. जी वस्तु महाग ती चांगली, हा न्याय आपण कापडाच्या दुकानांत कधींच मानीत नाहीं, पण शाळेच्या दारांत डोळे मिटून मानतों.

केवळ निकालावर शाळा तोलण्याचा प्रयोग जगांत पूर्वीं झालेला आहे, व त्याचें फळही पाहिलेलें आहे. इंग्लंडांत 1862 सालापासून मुलांच्या परीक्षेवर शाळेचें अनुदान ठरूं लागलें; आपल्या मुंबई इलाख्यांतही खासगी शाळांस निकालावर अनुदान देण्याची रीत एकोणिसाव्या शतकांत होती. मॅथ्यू आर्नोल्ड हा कवि पोटासाठीं शाळातपासनीस होता. मुलें वाचनाचें पुस्तकच पाठ करितात आणि वाचतां येत नसूनही वाचनांत उत्तीर्ण होतात, हा धोका त्यानें दाखवून दिला. जें मोजावें तेंच वाढतें, आणि जें मोजलें जात नाहीं तें वाळून जातें. आपल्या खानदेशाचेंच उदाहरण घ्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत 1924 ते 1930 पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयाचें कामही त्यांच्याकडे होतें, व मुलांसाठीं 'विद्यार्थी' हें मासिक त्यांनीं चालविलें. त्यांच्या त्या कामाचें माप त्या वर्षांच्या निकालपत्रकांत कोणास सांपडेल काय?

म्हणून परीक्षाच नको, असें म्हणणारे आम्ही नाहीं. मोजलेंच नाहीं तर फसवणूक दुप्पट होते. 'प्रथम' ह्या संस्थेकडून 2005 पासून ग्रामीण भागांत घरोघर जाऊन 'असर' नांवाची पाहणी होत आली आहे. तिच्या 2022 च्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांत आठवीच्या दर शंभर मुलांपैकीं सुमारें 70 मुलांस दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां येत होता. 2018 सालीं हीच संख्या 73 होती. साधा भागाकार करूं शकणारीं मुलें शंभरांत पंचेचाळिसांच्या आसपास होतीं. अशा पाहण्यांचा उपयोग मोठा आहे. पण त्या नमुना घेऊन केलेल्या असतात. देशाचा किंवा जिल्ह्याचा ताप त्यांवरून कळतो, अमक्या गल्लींतील अमक्या शाळेची नाडी कळत नाहीं. ती गांवानें स्वतःच्या हातानें पाहिली पाहिजे.

ती कशी पाहावी हें आमच्या व्यापारी वाचकांस परक्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. तूप तोलणारा दुकानदार भांड्यासकट तूप विकत नाहीं. आधीं रिकाम्या भांड्याचा धडा करतो, मग भांड्यांत माल घालून वजन सांगतो. शाळेच्या बाबतींत मात्र हा धडा आपण विसरतों. ज्या मुलाचा बाप शिकलेला, ज्याच्या घरीं पुस्तकें, ज्यास संध्याकाळीं खासगी शिकवणी, त्याचे नव्वद गुण हे सगळे शाळेचे नव्हेत. त्यांतील पुष्कळ वजन घराचें आहे. उलट यावल तालुक्याची उत्तरेकडील बाजू पाहा. सातपुड्याच्या पायथ्याशीं तडवी व पावरा लोकांची वस्ती आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय यावल येथें आहे तें ह्याच लोकांसाठीं. पावरा घरांतील मूल घरीं पावरी बोलतें आणि शाळेंत आलें कीं पुस्तकी मराठीशीं त्याची गांठ पडते. मजुरी करणाऱ्या घरचें मूल कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर दिसतें, वर्गांत दिसत नाहीं. गांवांतील उर्दू बोलणाऱ्या घरच्या मुलाची अडचण आणखी निराळी. असें मूल सहावींत जोडाक्षरापाशीं अडखळत आलें आणि आठवीच्या अखेरीस वर्तमानपत्राचा रकाना वाचून त्याचा अर्थ सांगूं लागलें, तर त्याच्या शाळेनें जें काम केलें, तें ऐंशीचे पंचाऐंशी करणाऱ्या शाळेपेक्षां शतपट मोठें आहे. दोहोंचे गुण एकाच पारड्यांत टाकून एकीस चांगली व दुसरीस वाईट म्हणणें म्हणजे भांड्याचें वजन तुपांत धरणें होय.

पण येथेंच शिक्षकांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. धडा आरंभीं एकदां करावयाचा असतो. तो सबब म्हणून रोज काढावयाचा नसतो. 'आमच्याकडे मुलेंच अशीं येतात' हें वाक्य सहावीच्या आरंभीं खरें असेल. आठवीच्या शेवटीं तेंच ऐकूं आलें तर मधलीं तीन वर्षें कोठें गेलीं, असें विचारण्याचा हक्क गांवास आहे. भांडें जड आहे, ही सबब भांडें रिकामें राहिल्याबद्दल चालत नाहीं.

मात्र जाब विचारणाऱ्यानें शिक्षकास काय मिळालें आहे हेंही पाहावें. कायद्यानें सहावी ते आठवीसाठीं वर्षास निदान 220 दिवस व 1000 तास अध्यापन सांगितलें आहे. दर 35 मुलांमागें एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रें व भाषा ह्यांसाठीं निदान एकेक शिक्षक असावा, असें त्यांत लिहिलें आहे. ग्रंथालय, खेळाची जागा, पिण्याचें स्वच्छ पाणी, मुलामुलींसाठीं निरनिराळीं स्वच्छतागृहें ह्यांचाही त्यांत उल्लेख आहे. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ह्यांवांचून इतर कामास शिक्षकांना जुंपूं नये, असाही नियम आहे. ज्या शाळेंत गणिताचा शिक्षक वर्षभर नाहीं, तेथें भागाकार न येणें हा मुलाचा दोष नव्हे, आणि उरलेल्या शिक्षकांचाही नव्हे. तो जागा रिकामी ठेवणाऱ्याचा दोष आहे, व त्याचें दार शाळेच्या फाटकांत नसून कचेरींत आहे.

आतां प्रत्यक्ष काय करावें? दुपारीं अर्धा तास काढून, मुख्याध्यापकांस आधीं विचारून शाळेंत जावें. हजेरीपटावरील संख्या व बांकांवर बसलेलीं मुलें ताडून पाहावीं. सहावीच्या वर्गांत पहिल्या बांकावरील मुलास प्रश्न न विचारतां, शेवटच्या बांकाजवळ प्रेमानें बसून तेथील मुलास चार ओळी वाचावयास सांगाव्या; पाठ्यपुस्तकांतील नव्हे, खिशांतील वर्तमानपत्रांतील. ग्रंथालयाच्या कपाटास कुलूप आहे कीं पुस्तकांचे कोपरे झिजले आहेत, हें पाहावें. आमच्या मतें झिजलेलें पुस्तक हेंच शाळेचें उत्तम प्रमाणपत्र होय. मुलींचें स्वच्छतागृह उघडें आहे काय व त्यांत पाणी आहे काय, हें घरांतील बायकांनीं जाऊन पाहावें. आणि शेवटीं दोन आंकडे मागावे: पांचवींत असलेल्या मुलींपैकीं किती आठवीपर्यंत टिकल्या, आणि आठवीनंतर कोण कोठें गेलें. ज्या शाळेस आपल्या गेलेल्या मुलांचा पत्ता ठाऊक आहे, ती शाळा जिवंत आहे असें खुशाल समजावें.

हें सर्व करण्यास नवी संस्था नको. प्रत्येक सरकारी शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असावी, तींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या, असें कायद्यानेंच ठरविलें आहे. उरलेल्या चौथ्या हिश्श्यांत लोकप्रतिनिधि, शिक्षक व गांवांतील शिक्षणप्रेमी मंडळींस जागा आहे. पण समितीच्या सभेंत मजुरी बुडवून आलेली बाई दबून बसते, सही करते व निघून जाते. तिच्या शेजारीं हिशेब वाचतां येणारा, अर्ज लिहितां येणारा, जळगांवच्या कचेरींत न घाबरतां उभा राहणारा एक व्यापारी किंवा वकील बसला, तर त्या सभेचें रूप पालटेल. त्याचें स्वतःचें मूल दुसऱ्या शाळेंत असलें म्हणून कांहीं बिघडत नाहीं. त्याच्या दुकानांतील नोकराचें, त्याच्या मळ्यांतील मजुराचें मूल तर ह्याच शाळेंत आहे ना?

जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें गाऱ्हाणें मांडलें, तें हेंच कीं, कराचा पैसा रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या थरांस होतो. त्यानंतर कमिशनें झालीं, कायदे झाले, शाळा गांवोगांवीं आल्या. शाळा आल्या, पण त्यांकडे आपुलकीनें पाहणारे डोळे निघून गेले, ही आजची तक्रार आहे, आणि ती सरकारकडे नेण्याजोगी नाहीं. ती आपणांपाशींच आणिली पाहिजे.

यावलचा हातकागद एके काळीं प्रसिद्ध होता. कागद करणाऱ्या ह्या गांवांत लिहितां न येणारें मूल आठवींतून बाहेर पडावें, ही लाजेची गोष्ट होईल. येत्या जूनमध्यें शाळेविषयीं मत देण्यापूर्वीं प्रत्येक गृहस्थानें एकदां तिचा उंबरठा ओलांडावा, शेवटच्या बांकावर बसावें, आणि मग काय बोलावयाचें तें बोलावें. त्यानें शाळेस नांवें ठेविलीं तरी आमची तक्रार राहणार नाहीं; कारण डोळ्यांनीं पाहून नांवें ठेवणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या दिवशीं कांहीं करावयासही उठतो.