संशोधन आमच्यावर, मग आमच्या भाषेत का नाही?

सीमाबांधवांनो, आपल्या गावांचा निवाडा करणारा १९६७ चा महाजन अहवाल इंग्रजीत लिहिला गेला. कंग्राळीच्या शेतकऱ्याला त्यातले एक वाक्यही स्वतः वाचता आले नाही. दुसऱ्याने सांगितले तेवढेच त्याला कळले. ही गोष्ट जुनी झाली असे कुणी समजू नये.

बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, पारंपरिक औषधांवर काम करणारी केंद्राची राष्ट्रीय संस्थाही आहे. मार्कंडेयचे पाणी, भातावरचा करपा, रानातली औषधी झाडे यांवर कुणी अभ्यास केला, तर नमुने आमच्या शिवारातून आणि माहिती आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून जाते. लेख मात्र इंग्रजी नियतकालिकात, बहुधा पैसे भरल्याशिवाय न उघडणारा! नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने अशी सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्यासाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले. पण ती खुली झाली सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना. कर भरणारा शेतकरी दाराबाहेरच राहिला, आणि दार उघडले तरी आत भाषा परकीच.

मराठीत शास्त्र लिहिता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तर्कतीर्थांचा विश्वकोश उघडावा. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने खुल्या विज्ञानाची शिफारस करताना बहुभाषिकतेचाही आग्रह धरला. जगाला पटलेले आपल्या विद्यापीठांना का पटू नये?

पंधरा टक्के लोक बोलतात त्या भाषेत महत्त्वाच्या सरकारी सूचना द्याव्यात, हे तत्त्व मान्य झालेले आहे. मराठी परिपत्रकांसाठी आपण मोर्चे काढले. आता पुढची मागणी करू या. सरकारी पैशातून या जिल्ह्यावर होणाऱ्या प्रत्येक संशोधनाचा दोन पानी सारांश मराठीत आणि कानडीत निघावा, आणि तो वाचनालयात व ग्रामपंचायतीत फुकट मिळावा. कानडीतही, कारण शेजारचा कानडी शेतकरीही याच बंद दाराबाहेर उभा आहे. मराठी नियतकालिकातल्या चांगल्या लेखाला प्राध्यापकाच्या बढतीत इंग्रजी लेखाइतकेच वजन मिळावे.

आणि थोडे आपल्याविषयी. १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय असलेले हे शहर. १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव येथेच झाला. पण चळवळीची निवेदने, ठराव, कात्रणे आज कुठे आहेत? घराघरांतल्या ट्रंकांत, वाळवीच्या तोंडी! ती बाहेर काढा, त्यांच्या प्रती करा, कुणालाही वाचता येतील अशी ठेवा. शोधगंगेवर विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात, त्यांत मराठीही आहेत. आपल्या किती पदवीधरांनी ते उघडून पाहिले?

आपला इतिहास आपण खुला केला नाही, तर तो दुसरे लिहितील. आणि तोही आपल्याला दुसऱ्याकडूनच ऐकावा लागेल.