भांगेच्या बियांची पेंड आणि खवटपणाचा प्रश्न

इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने १८९३-९४ साली भांग-गांजाची चौकशी केली, तेव्हा मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचा प्रमुख जिल्हा म्हणून नगरची नोंद झाली. त्याच जिल्ह्यातील सुपा औद्योगिक वसाहतीत आज एखाद्या अन्नप्रक्रिया उद्योजकाने या वनस्पतीचा विचार केला, तर त्याचा संबंध गांजाशी नव्हे, बियांशी येईल. कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने फुला-फळांच्या शेंड्यांपासून वेगळे केलेले बी व पाने बंदीच्या व्याख्येबाहेर ठेवली असून, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये बी, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे.

या बियांचे तेल लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक या बहुअसंतृप्त आम्लांनी इतके समृद्ध असते, की हवा व उजेड लागताच ते खवट होऊ लागते. ही क्रिया रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. त्यांपैकी गॅमा-टोकोफेरॉल तेलात उतरते, परंतु कॅनाबिसिनसारखी फिनॉलिक संयुगे मुख्यतः टरफलात असल्याने घाण्यानंतर पेंडीतच राहतात. अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणात पेंड भिजवून, गाळून, द्रावक उडवून लावला की त्यांचा अर्क हाती येतो. पेंड जनावरांपुढे टाकून मोकळे होणे म्हणजे मालाचा मोलाचा भाग फुकट घालवणे होय.

मात्र परीक्षानळीत मुक्त मूलके शमवणारा अर्क माणसाच्या शरीरात तेच करील, असे गृहीत धरणे घाईचे आहे. फरसाण किंवा शेंगदाण्याचा लाडू अधिक दिवस ताजा राहावा, हा त्याचा प्रामाणिक उपयोग. पाकिटावर आरोग्याची ग्वाही छापणे ही निव्वळ जाहिरातबाजी. शिवाय मान्यता बी, तेल व पीठ यांनाच असल्याने वेगळा काढलेला अर्क त्यांत आपोआप बसतो असे मानता येणार नाही, आणि उत्तराखंडासारखी परवान्याची लागवड जवळपास नसल्याने कच्चा माल दुरून आणावा लागेल. त्यापेक्षा जिल्ह्यातील डाळिंबाच्या सालीपासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरेल: प्युनिकॅलॅजिन हे तिच्यातील प्रमुख फिनॉलिक संयुग अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणातच उतरते, यंत्रसामग्री बहुतांशी तीच लागते आणि पिकाच्या परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही.