खुर्ची बाईची, सत्ता कुणाची?



सप्टेंबर २०२१ मध्ये ट्युनिशियाच्या पंतप्रधानपदी नजला बूदेन यांची नेमणूक झाली. अरब देशांतल्या पहिल्या बाई पंतप्रधान! आमच्या समुपदेशन केंद्राच्या फलकावर त्या बातमीचं कात्रण मी स्वतः लावलं होतं. वस्तीतल्या मुस्लिम मैत्रिणींना कौतुकाने दाखवलं होतं. आज त्या कौतुकाची मला लाज वाटते.

बातमी मी अर्धीच वाचली होती. त्याच वर्षी २५ जुलैला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद बंद पाडली होती. नेमणुकीच्या आठवडाभर आधी वटहुकूम काढून राज्यघटनेचा मोठा भाग गुंडाळून ठेवला होता. बूदेनबाईंना जाब विचारणारी संसदच नव्हती. त्या बांधील होत्या एकट्या सईदना. ऑगस्ट २०२३ मध्ये सईदनी त्यांना रातोरात घरी पाठवलं. कारणसुद्धा सांगितलं नाही. बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण गावोगाव पाहिलेलं. मग तेव्हा मला कसं ओळखू आलं नाही?

आता शिबिरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मुसलमानांच्या देशात लोकशाही टिकतच नाही.’ हे वाक्य खोटं आहे आणि आपल्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. ट्युनिशियाची लोकशाही कुणा मुल्लाने बुडवली नाही. ती बुडवली घटनेचा कायदा शिकवणाऱ्या, लोकांनी भरघोस मतांनी निवडून दिलेल्या प्राध्यापकाने.

आणि धर्मवादी पक्षाचं काय झालं होतं? २०११ च्या क्रांतीनंतर एन्नाहदा पक्ष निवडून आला. २०१२ च्या घटनेच्या मसुद्यात स्त्रीला कुटुंबात पुरुषाची ‘पूरक’ म्हटलं गेलं. १३ ऑगस्टला हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. तो शब्द मागे घ्यावा लागला, आणि २०१४ च्या घटनेत समानता आली. उमेदवारांच्या यादीत एक बाई, एक पुरुष असा क्रम कायद्यानेच सक्तीचा होता. २०१४ च्या संसदेत २१७ पैकी ६८ बायका निवडून आल्या. २०१८ मध्ये नगरपालिकांत सुमारे ४७ टक्के. मुसलमान बायकांनी, मुसलमान देशात, मतपेटी आणि मोर्चा यांच्या बळावर हे मिळवलं.

सईदनी २०२२ मध्ये निवडणूक कायदा बदलला आणि ती सक्ती काढून टाकली. नव्या संसदेत १५४ पैकी जेमतेम २५ बायका आल्या. मतदान झालं अवघं ११ टक्के. मार्च २०२३ मध्ये निवडून आलेल्या नगरपालिकाही बरखास्त झाल्या.

जुनी संसद आदर्श होती असं मी म्हणत नाही. बेकारी वाढत होती, करोनाने माणसं मरत होती. जून २०२१ मध्ये भर सभागृहात आमदार अबीर मूसी यांना एका पुरुष आमदाराने मारलं. लोक विटले होते. संसद बंद झाली तेव्हा अनेक बायकांनीही जल्लोष केला. पण पुढे काय? त्याच मूसी ऑक्टोबर २०२३ मध्ये तुरुंगात गेल्या. टीव्हीवर उपरोधाने बोलल्या म्हणून वकील सोनिया दहमानी यांना मे २०२४ मध्ये वकील संघटनेच्या इमारतीतून उचलून नेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या लोकशाहीवादी स्त्रियांच्या जुन्या संघटनेचं काम महिनाभर बंद ठेवण्याचा हुकूम निघाला.

‘पण तिथे तलाकबंदी आहे ना?’ असं काहीजणी म्हणतील. आहे. बोर्गिबांनी १९५६ मध्ये बहुपत्नीत्व आणि तोंडी तलाक बंद केला. तलाकच्या वादात हा दाखला आपण नेहमी देतो, मीही देते. पण हेच बोर्गिबा १९७५ मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले, हे आपण सांगत नाही. वरून मिळालेला हक्क राखायचा तर संघटना लागते, वर्तमानपत्र लागतं, निर्भय न्यायालय लागतं. ती मोडली की नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईने दाद कुठे मागायची?

ते कात्रण मी काढलेलं नाही. त्याच्या खाली आता दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत: हिला कुणी नेमलं? आणि हिला जाब कोण विचारू शकतं? पुढच्या वेळी बाईच्या नेमणुकीचे पेढे वाटण्याआधी हे दोन प्रश्न आपापल्या गटात विचारा. मग ती बाई ट्यूनिसची असो, नाहीतर आपल्या तालुक्याची.